मागच्या बाकाची निविदा

३ जानेवारी १९९९, रविवार. बारामती

जीप गेली. आठ वर्षं वापरली, आज इंदापूरचा एक भाजीचा व्यापारी येऊन घेऊन गेला. जाताना तिनं सवयीप्रमाणे गल्लीभर धूर सोडला. शेजारच्या काकू दोरीवरचे कपडे काढायला धावल्या, त्याही सवयीप्रमाणेच. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

संध्याकाळी नवऱ्यानं जाहीर केलं की नवी गाडी निविदा काढूनच घ्यायची. पाटबंधारे खात्यात वीस वर्षं काढलेला माणूस. घरात मिक्सर आला तोसुद्धा तीन दरपत्रकं मागवून. यापुढे या वहीत त्यांचा उल्लेख शाखा अभियंता, म्हणजे शा.अ., असाच होईल.

डोकी मोजली. इथं आम्ही तिघं, शा.अ., मी आणि पल्लवी. सांगवीला शेतावर आत्या (माझ्या सासूबाई), थोरले दीर तात्या आणि जाऊबाई अक्का. शिवाय अक्कांची रेखा, जावई आणि मांडीवरचं बाळ. म्हणजे बाकांच्या तीन रांगा पाहिजेतच. त्यावर घरात दुमत नाही.

मुदतही ठरली. रेखा बाळंतपणाला सांगवीला आली आहे, बाळ तीन आठवड्यांचं. मेमध्ये त्याला घेऊन तिला सासरी, पळसदेवला पोचवायचं. सगळ्यांनी एकाच गाडीतून. त्याच्या आत गाडी दारात हवी.

९ जानेवारी

तुलनात्मक तक्ता तयार. फूलस्केप कागद, लाल शाईच्या रेघा, चौदा रकाने. कंपन्यांची नावं लिहिलेली नाहीत, "निःपक्षपातीपणासाठी" नुसतं अ, ब, क.

अ – चौकोनी, तालुक्यात सगळीकडे दिसते ती. मागे एकमेकांकडे तोंड करून दोन बाकडी, आपल्या जीपला होती तशीच.
ब – नवीच आलेली. उंच. साहेबी थाट.
क – लांब, साधीसुधी. मागचं बाक पुढे तोंड करून, बसच्या सीटसारखं.

मायलेज, जमिनीपासून उंची, पार्ट बारामतीत मिळतात की पुण्याहून आणावे लागतात, टपावर किती ओझं चालतं. शेवटचा रकाना "शेरा". मी म्हटलं, लग्नाच्या वेळी माझा असा तक्ता केला होतात का? म्हणाले, "तेव्हा एकच निविदा आली होती."

हसले. पण कौतुकही वाटतं. आठवडाभर रोज संध्याकाळी हा माणूस गॅरेजं पालथी घालतोय, मिस्त्र्यांना चहा पाजून एकेका गाडीची आतली गोष्ट काढून घेतोय.

१७ जानेवारी, रविवार

"अ" पाहिली. आत्या सांगवीहून मुद्दाम आल्या. वय बहात्तर, काष्टा सावरत शोरूमच्या पायऱ्या चढल्या. सेल्समननं अदबीनं पुढचं दार उघडलं. "आजी, पुढं बसा."

आत्या म्हणाल्या, "म्होरलं तुमचं तुमी बगा. मला मागलं बगू द्या."

आणि खरोखरच मागच्या दारानं चढून बाकड्यावर बसल्या. कन्हेरीपर्यंत जाऊन आलो. येताना गतिरोधक जरा जोरात गेला, आत्यांचं डोकं टपाला लागलं. उतरल्यावर निकाल दिला.

"हितं माणूस आडवं बसतंय. गाडी जाती म्होरं आन पोट जातंय बाजूला. न्हाय जमायची."

शा.अ.नी शेऱ्यात लिहिलं: मातोश्री असमाधानी. सेल्समन बिचारा इंजिनाबद्दल पाठ केलेलं सगळं विसरून गेला. आजवर त्याला मागच्या बाकाबद्दल कुणी विचारलेलंच नसणार. पुढं बसणारा माणूस गाडी घेतो, मागं बसणाऱ्याला कोण विचारतं. आत्यांचं मला फार वाटतं. शाळेत गेल्या नाहीत, पण तपासणी कुठून सुरू करायची हे त्यांना बरोबर कळतं.

३१ जानेवारी, रविवार. इंदापूर

"ब" बघायला इंदापूरला. हायवेच्या कडेला मांडव, मांडवात गाडी आणि भोवती पन्नास माणसं. खरं सांगते, मी प्रेमातच पडले. गडद हिरवा रंग. दार लावलं की एकच घट्ट आवाज, आमच्या जीपचं दार तीनदा आपटायला लागायचं. इतकी उंच की मधल्या सीटवरून उसाच्या तुऱ्यापलीकडचं दिसेल. गार हवेची सोय. सीटवर हात फिरवत मी पाच मिनिटं बसूनच राहिले. पल्लवी म्हणाली, "आई, चेहरा बघ जरा तुझा."

आत्या पुन्हा मागं. तिथं दोन घडीच्या सीटा, दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या. बसल्यावर गुडघे हनुवटीला. काच उघडतच नाही.

"म्होरं राजवाडा आन मागं खुराडं," म्हणाल्या. "ब" बाद. परत येताना मी दोनदा मागं वळून मांडवाकडं पाहिलं. एवढी देखणी गाडी एका खुराड्यापायी हातची जावी.

अक्का आजही आल्या नाहीत. म्हशींची धार काढायची होती. दर वेळी काहीतरी असतंच. कधी म्हशी, कधी रानात पाणी, कधी "घर कोण बघंल". आठ वर्षांत त्या जीपमधून किती वेळा कुठं आल्या ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील. मला मात्र त्यांचं कौतुक वाटतं. मी सुट्टी लागली की घराबाहेर, आणि ही बाई मुक्या जनावरांसाठी जागची हलत नाही. शाळेत मुलींना मी त्यांचं उदाहरण देते.

१४ फेब्रुवारी, रविवार. सांगवी

सकाळी पोचलो तेव्हा अक्का बाळाला न्हाऊ घालत होत्या. पाटावर बसून पाय लांब सोडलेले, पायांवर बाळ पालथं. तेलाचा हात असा चालला होता की बाळ रडायचं विसरलं होतं. अक्का कामाबद्दल कधी बोलत नाहीत, पण त्यांचे हात बघत बसावं. भाकरी असो की बाळ.

जेवणानंतर रेखा हळूच म्हणाली, "काकू, आई पळसदेवला येणार न्हाय म्हणती. मामाची पोरगी पाठवती म्हणं संगं."

लग्नाला दोन वर्षं झाली. आम्ही सगळे तीनदा जाऊन आलो, अक्का एकदाही नाही. आम्हाला वाटायचं लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ते पाळतायत. छप्पन साली आत्यांनी घरातले देव काढून टाकले, पण असल्या चालीरीती शेजारच्या दारातून हळूच आत येतातच. कुणी खोदून विचारलं नाही. आता मूल झालं. मग आता काय?

रेखाचं घर पाण्याच्या अगदी जवळ आहे. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं, ते तिच्या ओट्यावरून दिसतं. जावई प्राथमिक शाळेत मास्तर. सुट्टीत पोरांना होडीतून देवळापर्यंत नेतात. रेखा म्हणाली, "आईला एकदा माजं घर तरी बघू दे. मी काय मांडलंय, कुठं मांडलंय, तिला कायबी ठाव न्हाय."

सांगताना तिचे डोळे भरले. मी तिला शब्द दिला की आई येईल. शब्द द्यायला मला वेळ लागत नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार

तात्यांच्या कानावर घातलं, शा.अ.मार्फत. तात्या म्हणाले, "तिची तीच न्हाय म्हणती, मी काय करू?" अक्कांना विचारलं तर "गाभण म्हस हाय, मेमदी व्यायची." म्हशीनं निदान महिना तरी दुसरा निवडायचा.

६ मार्च, शनिवार. सांगवी

"क" आली. डीलरनं गाडी सांगवीला पाठवली, सोबत ड्रायव्हर. अंगणात उभी राहिली तेव्हा काही खास वाटलं नाही, पण आत बसल्यावर वाटलं. मागचं बाक सरळ, रुंद, पाय ठेवायला जागा. तिन्ही रांगांच्या काचा सरकतात. आत्या मागं बसल्या, काच पुढं-मागं करून पाहिली आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "हं." शा.अ.चा चेहरा खुलला.

मी हट्टानं अक्कांना ओढून आणलं. "अक्का, चक्कर तर मारा." त्या पदर खोचून आल्या आणि कुणी सांगायच्या आत मागं चढून कोपऱ्यात बसल्या. आत्या उतरून घरीच थांबल्या. तात्या पुढं. शा.अ., मी, पल्लवी मधे. कालव्याच्या रस्त्यानं निघालो.

तिसऱ्या किलोमीटरला अक्का म्हणाल्या, "जरा थांबवा. त्या बाभळीखाली शेळ्यांचा पाला दिसतोय, बघून येती." त्यांच्या शेळ्याच नाहीत. मी मागोमाग उतरले. बाभळीमागं अक्का वाकून ओकत होत्या.

मला बघून घाबरल्या. चोरी पकडल्यागत तोंड झालं. "कुणाला सांगू नगंस सुमन. मला गाडी लागती."

मी शब्द दिला. मग विचारलं, कधीपासून? "जीप घेतली तवापासनं. मागं बसलं की पोटात ढवळतंय. डिझेलचा वास आला की झालंच." मग सांगितलं. रेखाची सुपारी करून परत येताना जीपमध्येच उलटी झाली. कुणाला कळू नये म्हणून ओटीतलं नारळ-खण ठेवलेल्या पिशवीत केली. पिशवीचं तोंड मुठीत धरून इंदापूरपासून सांगवीपर्यंत बसून राहिल्या. ती पिशवी ओढ्यात टाकली. त्यानंतर शक्यतो जायचंच नाही असं ठरवलं.

मी त्या जीपमध्ये होते. मधल्या सीटवर, खिडकीशी. रेखाच्या सासूच्या साडीबद्दल बोलत होते, हेसुद्धा मला आठवतं.

"एस्टीत लागत नाही?"

"डायवरच्या मागली खिडकी घावली तर न्हाय लागत. म्होरचा रस्ता दिसला की बरं वाटतं. पर दारात गाडी असताना एस्टीनं गेली तर लोक ह्यांना काय म्हणतील."

ह्यांना म्हणजे तात्यांना. तोंड पुसलं, मूठभर बाभळीच्या शेंगा गोळा केल्या, खोटं खरं करायला, आणि परत मागं जाऊन बसल्या.

७ मार्च, रविवार

सकाळपासून दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर पुढं घेऊन बसलेय, एकही तपासला नाही. आठ वर्षांची बसायची रीत आठवतेय. पुढं तात्या. गाडी चालवायला शा.अ. मधे आत्या, मी आणि पल्लवी. मागं अक्का, रेखा आणि सामान. मी एकदाही मागं बसले नाही. मला कुणी सांगितलंच नाही आणि मी विचारलंही नाही. नोकरीवाली, इस्त्रीची साडी, चुरगळायला नको. मुलींना त्यांच्या म्हैसप्रेमाचं उदाहरण देत होते. लाज वाटते आहे. दुसरा शब्द नाही.

आणि इतकी सोपी गोष्ट आहे. पुढं बसलं की लागत नाही. चौदा रकान्यांत आम्ही मागच्या बाकाची लांबी-रुंदी भरत बसलो. पुढची सीट रिकामी करायची हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती सीट तात्यांची, जसं आडनाव त्यांचं.

१३ मार्च

शा.अ.ना म्हटलं, तक्त्यात एक रकाना वाढवा: पुढं कोण बसणार. "तो तांत्रिक मुद्दा नाही," म्हणाले. अक्कांचं गुपित मी सांगितलं नाही, शब्द दिलाय. नुसतं म्हटलं, कधी बायकांपैकी कुणी पुढं बसलं तर काय होतं?

त्यांनी तक्ता मिटून बाजूला ठेवला. मग जे सांगितलं ते अठरा वर्षांत कधी बोलले नव्हते. आबा, माझे सासरे, एका अडत्याच्या ट्रकवर हमाल होते. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी असली तरी आबांनी मागं गुळाच्या ढेपांवरच बसायचं, ऊन असो की पाऊस. तात्या शाळेत होते, सुट्टीत आबांबरोबर जायचे. एकदा पावसात तात्या पुढं केबिनमध्ये शिरले. मालकानं काही मारलं नाही, नुसतं बोटानं मागं दाखवलं. आबा पोराला खाली उतरवून परत ढेपांवर घेऊन बसले. तात्या त्यानंतर ट्रकवर गेले नाहीत.

"जीप घेतली त्या दिवशी तात्या पुढं बसून अख्ख्या गावातून फिरला," शा.अ. म्हणाले. "कोपर खिडकीबाहेर काढून. आई ओट्यावर उभी राहून रडत होती. त्या माणसाला मी मागं बस म्हणू?"

नाही. मीसुद्धा म्हणू शकणार नाही. कालपर्यंत तात्यांचा राग येत होता, आता तोही धड करता येत नाही. पाच एकरांत भावाला इंजिनीअर केलं, माझ्या बी.एड.ची फी भरली, आणि स्वतःसाठी मागितली ती एक सीट.

२१ मार्च, रविवार. सांगवी

आत्या ओसरीवर डाळ निवडत होत्या. मला शेजारी बसवलं आणि वर न बघता म्हणाल्या, "मी मागं का बसून बगत होती, तुला काय वाटलं?"

मी म्हटलं, सगळ्यांच्या सोयीसाठी.

"सगळ्यांच्या न्हाय. थोरलीच्या. आठ वर्स बगतीया. गाडीतनं उतरली की त्वांड पिवळं. इचारलं तर म्हणती ऊन लागलं."

म्हणजे आत्यांना सगळं माहीत होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"कुणाला बोलू? पोराला म्हणू, बापाला दिली न्हाय ती जागा तू बी सोड? मला वाटलं, मागलंच बाक असं घावंल की तिला सोसंल." मग माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी काही न बोलताच त्यांना कळलं की "क"सुद्धा सोसली नाही. डाळीतला खडा काढून अंगणात टाकला. "बरं," म्हणाल्या, "गाडी तीच घ्या. रेखाला आन बाळाला तरी ऐसपैस हुईल."

अशी बाई मी पाहिली नाही. मी त्यांच्या जागी असते तर आठ वर्षांत आठशे वेळा बोलले असते. त्यातून काही झालं असतं का, ते माहीत नाही.

२८ मार्च, रविवार

"क" मंजूर. शा.अ.नी तक्त्याखाली सही केली, तारीख घातली, माझीही सही घेतली. रंग पांढरा. पल्लवीला लाल हवा होता. नोंदणी झाली, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मिळेल.

१८ एप्रिल, रविवार. सांगवी

आली. बारामतीहून सांगवीपर्यंत शा.अ.नी अशी चालवली की कडेच्या सायकली पुढं गेल्या. पण काय गाडी आहे. कालव्याच्या खडबडीत रस्त्यावर जीप दात वाजवायची, ही नुसती डुलते. इंजिनाचा आवाज इतका कमी की आत माणसांना एकमेकांचं ऐकू येतं. दुपारच्या उन्हात सगळ्या काचा सरकवल्या तर वारा पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. साधी दिसते, पण कामाची आहे. "ब"ला मी विसरले असं नाही, पण हिच्यावर जीव बसतोय.

आधी विहारात नेली. वंदना झाली, पेढे वाटले, शेजारीपाजारी येऊन जयभीम घालून गाडीला हात लावून गेले. तात्या पुढं बसले होते, पांढरा नेहरू शर्ट, टोपी. गावातून एक फेरी. चावडीवरची म्हातारी माणसं उठून बघत होती आणि तात्यांनी हात जोडले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला बरं वाटलं, मनापासून वाटलं, आणि त्याच वेळी अक्कांकडं बघवेना.

अक्कांनी चाकांवर पाणी घातलं. काचेवरून पदर फिरवला. "लय देखणी हाय," म्हणाल्या. आत बसल्या नाहीत.

२५ एप्रिल, रविवार. सांगवी

पुढच्या रविवारी निघायचं ठरलं. २ मे.

गोठ्यात अक्कांना गाठलं. म्हटलं, तुम्हीच सांगा तात्यांना. एकदाच. त्या म्हणाल्या, "काय सांगू? तुमी मागं बसा म्हणू? ह्या तोंडानं?" आणि म्हशीपुढं चारा टाकायला लागल्या. "रेखाचं घर काय पळून चाललंय का. जाईन कवातरी."

कवातरी. दोन वर्षं हेच.

मग मी जे केलं ते बरोबर की चूक, अजून कळत नाही. शब्द मोडला. तात्या मळ्यात पाण्याचा पाइप जोडत होते, एकटेच. अठरा वर्षांत मी त्यांच्याशी "चहा घ्या" आणि "येते" यापलीकडं थेट बोललेले नाही. पदर डोक्यावर घेतला आणि सांगून टाकलं. सगळं. बाभूळ, पिशवी, एस्टीची खिडकी. पुढं बसलं की लागत नाही, हेही सांगितलं.

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. एवढंच विचारलं, "कवापासनं?"

"जीप घेतली तेव्हापासून."

पाइपाला चिंधी गुंडाळत राहिले. पाणी सुरू झालं, जोडातून गळत होतं, त्यांनी परत सोडवलं, परत गुंडाळलं. मी जरा वेळ उभी राहिले आणि निघून आले.

२८ एप्रिल. बारामती

सांगवीहून काही निरोप नाही. शा.अ.ना सांगितलं काय केलं ते. चिडले नाहीत. म्हणाले, "मी भाऊ असून मला जमलं नसतं." मग तक्ता काढून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "सगळं भरलं आपण यात."

१ मे, शनिवार. सांगवी

सकाळी झेंडावंदन, निकाल वाटून झाले आणि तिघंही सांगवीला आलो. तयारी जोरात. जावईही संध्याकाळी न्यायला आले. पाळणा टपावर बांधून झाला. झबली-टोपडी, दुपटी, डिंकाचे लाडू, रेखाच्या सासूला लुगडं. सगळं अक्कांनी एकटीनं केलंय, गाठोडी अशी बांधलीत की कुठलंही सोडायचं म्हटलं तर दोन्ही हात लागतील. स्वतःची पिशवी मात्र भरलेली नाही. रेखाला म्हणाल्या, "पुढच्या खेपंला." रेखा बाळाला घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसली.

तात्या नेहमीसारखेच. माझ्याशी नाही बोलले, पण तसे ते कधीच बोलत नाहीत. जेवताना अक्कांनी भाकरी वाढली तेव्हा मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ. अक्का म्हणाल्या, "काय, मीठ कमी झालंय?" "न्हाय," म्हणाले.

मी शब्द मोडला त्याचं काहीच झालं नाही असं दिसतंय. अक्कांना कळलं तर त्या मला काय म्हणतील याचीच धास्ती.

२ मे, रविवार. सांगवी, सकाळी सात वाजून दहा मिनिटं

गाडीत बसून लिहितेय, वही मांडीवर. आवरून बाहेर आले तर गाडी अंगणात, शा.अ. काच पुसत उभे. खूण केली, मागं बघ.

तात्या मागच्या बाकावर बसलेले. कोपऱ्यात. टोपी, नेहरू शर्ट, कोऱ्या धोतरात गुडघे अवघडून घेतलेले, शेजारी लाडवांचा डबा. कधी येऊन बसले कुणी पाहिलं नाही. शा.अ.नी "तात्या, पुढं—" एवढंच म्हटलं, तात्यांनी हातानं गप्प केलं.

आत्या आल्या. बघितलं, पदर तोंडाला लावला आणि निमूट मधल्या बाकावर चढल्या. मग रेखा, बाळ, जावई. पल्लवी मागं तात्यांशेजारी, तिच्या पलीकडं मी. पुढची सीट मोकळी.

अक्का हातात तांब्या घेऊन दारात आल्या, बाळाला पाणी ओवाळायला. ओवाळलं. मग त्यांना मागचं दिसलं. तांब्या हातात तसाच. तात्यांनी मान वळवली नाही, काचेतून म्हशींच्या गोठ्याकडं बघत होते. अक्का माझ्याकडं वळल्या. मी खाली बघितलं. त्यांना कळलं कुणी सांगितलं ते.

तांब्या घेऊनच आत गेल्या. दार लोटून घेतलं.

त्याला आता दहा मिनिटं झाली. रेखा उठायला लागली, आत्यांनी तिचा हात धरला. "बस. तिचं तिला ठरवू दे." साडी बदलायला गेल्या की रडायला की माझं तोंड बघायचं नाही म्हणून, मला सांगता येत नाही. कोंडलेल्या म्हशीच्या ओरडण्याशिवाय आवाज नाही.

शा.अ.नी इंजिन बंद केलं.

तात्या म्हणाले, कुणाला ते माहीत नाही, "हितनं म्होरचं कायबी दिसत न्हाय की."

पल्लवीनं लाडवांचा डबा मांडीवर घेतला. जरा वेळानं परत म्हणाले, "सुमन."

मला. अठरा वर्षांत पहिल्यांदा नावानं.

"तिला म्हणावं, सावकास ये. आमी थांबलोय."

उठते आता, सांगायला जाते. पुढचं दार शा.अ.नी उघडून ठेवलं आहे.